अकरा नंबरचा जोडा

मुक्काम : बंदराजवळचं थिएटर, तळघर
दि. ९ जून

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पोचले. वाटेत तुमच्या लेकीला एकदाच मळमळलं, आणि तेही आईनं दिलेला चार जणांचा डबा एकटीनं संपवल्यामुळे. बोटीला उगाच दोष देत नाही. कंपनीच्या जोड्यांच्या दोन्ही पेट्या सुखरूप आहेत. एक ते बावीस, सगळे नंबर काढून पुसून ठेवले. मुख्य नाचणाऱ्या उंच बाईंनी आल्या आल्या आपला एक नंबरचा जोडा चढवला, टाच दोनदा आपटली आणि म्हणाल्या की बाबांना माझा नमस्कार कळव. बारा वर्षं तुम्ही कागदावर काढलेल्या पावलावरून त्यांचे जोडे करताय, आणि तुम्ही दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. त्यांचं म्हणणं असं की त्यांच्या नवऱ्यापेक्षा तुम्हालाच त्यांचे पाय जास्त ठाऊक आहेत. हे आईला वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मला वाटलं होतं, नाचाच्या कंपनीबरोबर जग फिरायचं म्हणजे रोज डोळे भरून नाच बघायचा. कसलं काय. जोड्यांची खोली रंगमंचाच्या बरोबर खाली आहे, आणि खेळ चालू असताना कुणाचा पट्टा तुटेल त्याचा नेम नसतो, म्हणून मला जागा सोडता येत नाही. त्यामुळे नाच मला खालून ऐकू येतो. डोक्यावर फळ्या धडधडतात, फटीतून धूळ माझ्या चहात पडते. पण चार दिवसांत मला पाय ओळखता यायला लागले. सात नंबरवाली धप्पकन उतरते. उंच बाई आल्या की आधी क्षणभर काहीच ऐकू येत नाही, आणि मग एकच टाच. ढोलवालासुद्धा त्या टाचेची वाट बघतो.

दहा महिन्यांची बोली आहे, ती तेवढीच. एप्रिलात येते आणि तुमच्या शेजारचं माझं स्टूल धरते. दुकान मीच पुढे चालवायचं हे ठरलेलं आहे, तेव्हा तोवर माझ्या जागेवर कुणाला बसवू नका.

कळावे. लोभ आहेच, त्याची शिवण उसवू देऊ नये.

तुमची
भिंगरी


घर
दि. ५ जुलै

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

आईचं अक्षर बघून दचकू नकोस. माझा चष्मा मोडला आहे आणि चष्मेवाला रोज उद्याचा वायदा करतो. म्हणून मी सांगतो आणि ती लिहिते. (सगळं लिहीत नाही. निम्मं गाळते. — आई)

झिजलेल्या जोड्यांचं तुझं पार्सल मिळालं. तळ लावून परत पाठवतो. सात नंबरवाली प्रत्येक उडी उजव्या पायावर उतरते, तिला सांग. चौदा नंबर आळशी आहे, त्याच्या चवड्याला ओरखडासुद्धा नाही, बाकीच्यांच्या गर्दीत तो नुसता हलतो. उंच बाईंची डावी टाच बाहेरच्या अंगानं झिजली आहे. त्यांचा गुडघा दुखतोय आणि त्या कुणाला सांगत नाहीयेत. टाचेत पातळ चामड्याची चकती बसवून देतो. तू त्यांना त्यातलं काही बोलू नकोस, जोडा पुढे कर, बस्स.

नाच डोळ्यांना दिसत नाही म्हणून खंत करू नकोस. चाळीस वर्षं मी नाचाचे जोडे करतोय, नाच एकदाही बघितला नाही. तळ बघितला की कळतो. (खोटं. बघायला जाऊ म्हटलं की यांना नेमकं भिजत घातलेलं चामडं आठवतं.) आणि घरचा नियम परमुलखात दुप्पट पाळायचा. गिऱ्हाईकाचा जोडा कारागिराच्या पायात जाता कामा नये. माझ्या वडिलांनी तो घालून दिला आणि मी तो पाळला.

जेवत जा. आई सांगते म्हणून नव्हे, मीही सांगतो. आमची माया चामड्यासारखी आहे, पाणी लागलं तरी विटत नाही, एवढं ध्यानात असू दे.

बाबा


मुक्काम : डोंगरातलं गाव, शाळेच्या मागची खोली
दि. २ सप्टेंबर

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

तुमची चकती बसली. उंच बाईंनी पहिल्या दिवशी टाच दोनदा आपटून बघितली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर दोन सफरचंदं ठेवून गेल्या. सात नंबरवालीला उजव्या पायाचं सांगितलं तर ती म्हणाली की तुझ्या बाबांनी मला कधी नाचताना पाहिलंय. मी म्हटलं, तुझ्यासकट कुणालाच नाही.

मागच्या गावात बायकांचं गाणं ऐकलं. सगळ्या एका स्वरात, नाकातून, भांडल्यासारख्या गातात. पहिल्या कडव्याला मला हसू आलं, तिसऱ्याला डोळ्यांत पाणी. शब्द एकही कळला नव्हता. शेजारच्या बाईला विचारलं की हे कशाचं गाणं आहे, तर ती म्हणाली, गाय हरवल्याचं.

इथं दर रविवारी दुपारी चौकात सगळं गाव नाचतं. कुणी सजून येत नाही. औषधांच्या दुकानातली म्हातारी पांढऱ्या डगल्यातच येते, पोस्टमन पिशवी खांबाला अडकवून येतो. कातडी पिशवी काखेत दाबून एक आजोबा सूर धरतात, तो सूर आधी खराब दारासारखा कुरकुरतो आणि मग एकदम मोकळा होतो. मग सगळे एकमेकांचे खांदे धरून गोल फिरतात. दगडी फरशीवर साठ-सत्तर पाय एकदम पडतात तेव्हा छातीत कळतं. मी आपली बाजूला उभी राहून बघत होते.

आणखी सहा जोडे पाठवतेय. घाई नाही. चष्मा आला का ते कळवा, दोन महिन्यांत लोक डोळे नवे बसवून घेतात. कळावे, आहे तो लोभ दुणावत राहो.

भिंगरी


घर
दि. १ ऑक्टोबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तू बाजूला उभी नव्हतीस.

सहा जोडे आले. पाचांचं पुढे सांगतो, आधी सहाव्याचं. अकरा नंबरवाली लग्न करून कंपनी सोडून गेली हे तूच कळवलं होतंस. म्हणजे तो जोडा पेटीत पडून असायला हवा. मग त्याचा तळ दगडावर घासल्यासारखा कसा झाला? आत हात घातला तर उजव्या अंगठ्याचा खड्डा आतल्या बाजूला वळलेला. तू दीड वर्षाची असताना तुझी पहिली चप्पल मी केली, तेव्हापासून तो अंगठा तसाच वळतो. चांगला महिनाभर नाचलेला तळ आहे. (हे जोडा हातात धरून बसलेत. रागावलेत की काय ते मलाही कळत नाही. चोराच्या मनात चांदणं असेल तर आधीच कबूल करून टाक.)

बाकी पाच ठीक आहेत. चौदा नंबर सुधारत नाही.

बाबा


मुक्काम : नदीकाठचं शहर, थिएटरचा मागचा जिना
दि. २८ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

कबूल. पहिल्या रविवारी खरंच बाजूला उभी होते. दुसऱ्या रविवारी औषधांच्या दुकानातल्या म्हातारीनं मला दंडाला धरून ओढलं. माझ्या सपातांचा तळ रबरी, तो फरशीला चिकटून बसायचा आणि माझ्यामुळे सगळं वर्तुळ अडखळायचं. म्हातारी म्हणाली की तू जोडेवाली ना, मग अशी काय आलीस. लाज वाटली हो बाबा. तिसऱ्या रविवारी अकरा नंबरचा जोडा घातला. नियम आठवत होता. तरी घातला.

नंतर कंपनीच्या मास्तरांनी बघितलं. सकाळच्या तालमीला मागच्या रांगेत उभी राहत जा म्हणाले. तशी राहते. पाय ऐकून ऐकून सगळे बोल मला पाठ झालेत, पण अंगात उतरायला वेळ लागतो आणि डावा पाय नेहमी उशिरा पोचतो. इथं नदीवर संध्याकाळी होड्यांमधून लोक वाजवत जातात, ते ऐकलं तरी आता माझा पाय खाली हलतो. पूर्वी मी तळांचा विचार करायचे. आता तोही राहत नाही.

आणखी एक सांगायचं आहे. मास्तरांनी विचारलं की अजून तीन वर्षं राहशील का. जोडे सांभाळायचे आणि नाच शिकायचा. मी नाही म्हटलं. एप्रिलात घरी जायचं ठरलंय, बाबांनी माझ्यासाठी दुकान धरून ठेवलंय, असं सांगितलं. नाही म्हणताना जड गेलं, ते तुमच्यापासून लपवत नाही, कारण तुम्ही ते पुढच्या जोड्यात वाचालच. पण नाही म्हटलं ते म्हटलं.

रागावला असाल तर सविस्तर रागवा, दोन ओळींत नको. तुमच्या लोभाची सवय लागलेल्या

भिंगरीचा नमस्कार


मुक्काम : मोठ्या शहरातलं थिएटर
दि. १४ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

नोव्हेंबरात तुमचं पत्र आलं ते चार ओळींचं. त्यात लिहिलंत की नियम माझ्या वडिलांचा होता, मी तो कधी मोडला नाही कारण मला कधी कुणी दंडाला धरून ओढलं नाही. ते वाचून मी जिन्यावर बसून रडले. तीन वर्षांबद्दल तुम्ही अवाक्षरही काढलं नाहीत, म्हणून मीही काढत नाही.

आजचं पत्र रागाचं आहे. काल उंच बाई नव्या जोड्यात पहिल्यांदा नाचायला उभ्या राहिल्या. बक्कलं आतल्या बाजूला. दोन्ही पायांना. पेटीतून काढताना माझ्याही लक्षात आलं नाही, कारण तुमच्या हातून असं होईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. पाय जुळवले की बक्कल बक्कलात अडकतं. मला खालून नेहमीची शांतता ऐकू आली, पण टाच आली नाही. सगळं अंग आपटल्याचा आवाज आला. पडदा पाडला. मी धावत वर गेले, रापीनं पट्टे कापले आणि त्यांच्या पायावरच चार टाके घालून दिले. गुडघा सुजला असताना त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि खेळ पुरा केला. मास्तर म्हणतात की आता दुसरा कारागीर बघू.

रात्रभर जोडा उजेडात धरून बघितला. तुमचा टाका उजवीकडे झुकतो. ह्याचा प्रत्येक टाका डावीकडे झुकला आहे. मग आधीचे तळ काढून पाहिले, सप्टेंबरपासूनचे. तेही डावीकडे. सहा महिने चष्मा दुरुस्त होत नाही, सहा महिने पत्र आईच्या अक्षरात येतं. आपल्या घरात डावखुरं माणूस एकच आहे. बाबा, मी तुमच्याच हाताखाली शिकलेय. तुम्ही तळ वाचता तसे मला टाके वाचता येतात. काय झालंय ते मला कुणीतरी नीट लिहा.

भिंगरी


घर
दि. २५ जानेवारी

चि. भिंगरीस आईचे अनेक आशीर्वाद.

आज मी कुणाचं सांगितलेलं लिहीत नाही. हे बाहेर ऊन खायला गेलेत.

तू निघालीस त्याच्या पंधराव्या दिवशी सकाळी यांच्या हातातून टाके घालायची आरी पडली. उचलायला गेले तर उजवा हात उचलेना. डॉक्टर म्हणाले की थोडक्यात निभावलं, पाय आणि वाचा शाबूत आहेत, हात मात्र पहिल्यासारखा होणार नाही. मला लिहायचं होतं. यांनी शपथ घातली. म्हणाले, पोरगी आयुष्यात पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडली आहे, अर्ध्या वाटेतून तिला माझ्या हातासाठी बोलवायचं नाही. चष्म्याची थाप माझी. मला तेवढीच सुचली.

कंपनीचे जोडे थांबवून चालणार नव्हतं. मग मी तुझ्या स्टुलावर बसले. चौतीस वर्षं या घरात आहे, पण आरीला कधी हात लावला नव्हता. हे समोर बसून डाव्या हातानं हवेत टाके घालून दाखवायचे आणि मी घालायचे. तळ लावणं जमलं. पण समोरून शिकलेलं आरशातल्यासारखं उलटं होतं, हे बक्कलाचा नवा जोडा करताना दोघांच्याही ध्यानात आलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायची सोय नाही. चूक माझी आहे. उंच बाईंना वेगळी चिठ्ठी आणि नवा जोडा पाठवते आहे. या खेपेला यांना शेजारी बसवून केला आणि बक्कल चारदा तपासलं. मास्तरांना म्हणावं, हा जोडा बघा आणि मग ठरवा.

आता दुसरं, आणि हे नीट वाच. तू एप्रिलात माझ्यासाठी येणार असशील तर ये, मला आनंदच आहे. पण दुकानासाठी यायचं म्हणत असशील तर ती जागा आता रिकामी नाही. मला हे काम आवडायला लागलंय. सकाळी चामड्याचा वास आला की मला बरं वाटतं. नवरे एका वयानंतर बायकोकडे बघत नाहीत, हे आता दिवसभर माझ्या हातांकडे बघतात, चुकले की ओरडतात, जमलं की गप्प बसतात. तीन वर्षांचं वाचून यांचं जेवणावरचं लक्ष उडालंय. तुला थांब म्हणायचं धाडस होत नाही आणि ये म्हणायचं तोंड नाही, असं चाललंय.

यांना तिकडे बोलावून घे. जोडे दाखव म्हण, काहीही म्हण. चार दिवस घरात मला शांतता मिळेल.

तुझ्यावर आहे तो लोभ मोजायला माझ्याकडे फूटपट्टी नाही. सांभाळून राहा.

आई


मुक्काम : तेच
दि. ६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र वाचून दोन दिवस मी तुमच्यावर धुमसले, मग एक दिवस स्वतःवर, आता कुणावरच नाही. नवा जोडा आला. उंच बाईंनी आईची चिठ्ठी वाचली आणि जोडा न तपासता पायात घातला. मास्तर बघत राहिले. दुसऱ्या कारागिराचं पुन्हा नाव काढलेलं नाही.

मार्चमध्ये कंपनी तुमच्यापासून एका दिवसाच्या गाडीवर आहे. तिकीट सोबत आहे. चामडं भिजत घातलंय हे कारण चालणार नाही, आता ते आई भिजवते. एप्रिलात मी घरी येणार म्हणजे येणार, त्याची चर्चा नको. तुम्ही फक्त नाच बघायला या.

तुमच्या हाताला नमस्कार. दोन्ही हातांना.

भिंगरी


मुक्काम : कंपनीचं बिऱ्हाड
दि. १२ मार्च

अगं,

बायकोला पत्र लिहिताना काय मायना घालतात ते मला ठाऊक नाही. चौतीस वर्षांत तुझ्यापासून लांब गेलोच नाही. हे डाव्या हातानं लिहितोय. पोरगी लिहून देते म्हणत होती, पण हे तिच्यासमोर सांगण्यासारखं नाही.

गाडी वेळेवर पोचली. ती फलाटावर उभी होती. माझ्या डाव्या हातातली पिशवी तिनं घेतली आणि उजवा हात नुसता धरून ठेवला. दुपारच्या खेळाला मला तिसऱ्या रांगेत बसवलं. पहिला अर्धा तास मी फक्त पाय बघितले. चौदा नंबर आळशी आहेच. मग उंच बाई आल्या. बारा वर्षं मी ज्या माणसाचा नुसता तळ हातात धरला, ते माणूस वर एवढं मोठं असेल असं मला वाटलं नव्हतं. त्या वळल्या आणि मी जोडा बघायचा विसरलो. मला त्यांची मान दिसली. ढोल थांबला होता आणि सगळं थिएटर श्वास रोखून होतं. मला रडू आलं. शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी रुमाल दिला, तो मी धुवून वाळत घातला आहे.

तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. मी नाच बघायला गाडीत बसलोच नव्हतो. मी तिला न्यायला आलो होतो. म्हटलं, माझा हात बघेल, कंपनीत एप्रिलपर्यंतही थांबणार नाही, माझ्याबरोबरच निघेल. तुझं स्टुलाचं मला कळतं, पण मला ती शेजारी हवी होती. तू आहेस, तरी हवी होती. बाप आहे मी, त्याला काय करू.

आज सकाळी थिएटर रिकामं होतं. झाडणारा माणूस खुर्च्यांमधून झाडत होता. ढोलवाल्याला तिनं थांबवून घेतलं आणि माझ्यासमोर नाचली. चार-पाच मिनिटं असतील. फार चांगली नाचते असं नाही. डावा पाय उशिरा पोचतो, ती म्हणते तसाच. पण मी पायांकडे फार वेळ बघितलं नाही. तिचं तोंड बघत होतो. ती दहा वर्षं माझ्या शेजारी बसून काम करत होती, कधी कुरकुर केली नाही, आणि तिच्या तोंडावर जे आज होतं ते मी त्या दहा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, आपली पोर गंभीर आहे.

नाच संपल्यावर ती धापा टाकत माझ्याजवळ येऊन बसली आणि सामान बांधायला कधीपासून लागू असं विचारलं. मी सांगितलं की मास्तरांकडे जा आणि तीन वर्षांना हो म्हणून ये. ती म्हणाली की मग दुकानाचं काय. मी म्हटलं, दुकान आता तुझ्या आईचं आहे, ते काही तुझी वाट बघणार नाही. आम्ही दोघं बघू, त्याला इलाज नाही.

 मग माझ्या बुटाची नाडी सुटली होती, ती खाली बसून बांधायला लागली. बांधून झाल्यावरही उठेना, तशीच माझ्या पायाशी डोकं खाली घालून बसून राहिली. मी डाव्या हातानं तिच्या डोक्यावर थोपटलं. मग मास्तरांकडे गेली.

मी गुरुवारी निघतो. गाडी सकाळी पोचते. स्टेशनवर यायची काही गरज नाही, पण आलीस तर बरं वाटेल.

तुझाच